धुऊन खाणारं कोणीतरी

माझ्या काठावर बोट फिरवलंत तर नाव लागेल: सौ. ऊषा. यातला ऊ चुकीचा आहे, ऱ्हस्व हवा होता. नाव घालणाऱ्या कारागिराने छिन्नीचे ठोके देताना घाई केली आणि मला जन्माची चूक चिकटली. मी उषाची स्टीलची ताटली. सध्या आयर्लंडमध्ये, मेनूथ गावातल्या एका घराच्या मागच्या दाराशी, जिरेनियमच्या कुंडीखाली असते. नागपूरची ताटली इतक्या लांब कशी आली, ते सांगते. ऐकून घेणारं आता फारसं कोणी उरलेलं नाही, तेव्हा तुम्हीच ऐका.

१९६९ सालच्या उन्हाळ्यात उषाच्या आईने इतवारीतून सहा ताटल्या आणि सहा वाट्या घेतल्या आणि लेकीच्या रुखवतात मांडल्या. आम्हा बाराजणींपैकी पुढे मी आणि एक वाटी एवढ्याच टिकलो. बाकीच्या शेजारणींकडे वड्या-लाडू घेऊन गेल्या आणि तिकडच्याच झाल्या. उषाचे यजमान श्रीपादराव भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. गावोगावच्या शेतांच्या हद्दी साखळी टाकून मोजायच्या, हा त्यांचा धंदा. मोजल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नसे. लग्नानंतर पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यावरचा चुकीचा ऊ शोधून काढला आणि पुढे पस्तीस वर्षं बायकोला त्यावरून चिडवलं.

उषाचे हात लहान होते. दोन-दोनच्या बांगड्या लागायच्या तिला. कासाराला खालचा डबा उघडावा लागे, आणि तो दरवेळी विचारायचा की बांगड्या मुलीला हव्यात का. त्या लहान हातांना एक खोड होती: जे दिसेल ते धुवायचं. भाज्या तर सगळेच धुतात. उषा केळी धुवायची, मिठाची पिशवी बाहेरून धुवायची, भुईमुगाच्या शेंगा धुऊन, वाळवून मग फोडायची. श्रीपादराव म्हणायचे, एक दिवस तू पाणीसुद्धा धुऊन पिशील. सगळे हसायचे, तीही हसायची.

दुपारी तीनच्या सुमारास सगळी निजानीज झाली की ती मला फळीवरून काढायची. मी स्वच्छच असायची. तरी ती बादलीत पाणी घ्यायची, मला बुडवायची आणि पाण्याखाली माझ्या काठावरून बोटं फिरवत बसायची, नजर खिडकीबाहेर. मला वाटायचं, मी तिची लाडकी. इतर भांड्यांसमोर मी या गोष्टीचा तोराही मिरवला आहे.

त्यांचा मुलगा आलोक कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी १९९९ मध्ये आयर्लंडला आला. बरोबर त्याची बायको पूर्वा आणि दोन वर्षांची ज्ञानदा. आई-बाबांनी यावं म्हणून तो दरवर्षी मागे लागे. श्रीपादराव दरवर्षी काहीतरी काढत. घर कोण बघणार, थंडी सोसवेल का, बोअरचं काम निघालंय. २००३ मध्ये मात्र व्हिसा झाला, तिकिटं आली. उषाने पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. तिने जन्मात बूट घातले नव्हते, म्हणून दुपारी ती ते घालून घरातल्या घरात चालायची. ओट्यापासून देवघरापर्यंत, देवघरापासून ओट्यापर्यंत. निघायला आठ दिवस उरले आणि श्रीपादरावांनी परस्पर तिकिटं रद्द केली. शेजारच्या प्लॉटची हद्द मोजायला माणसं यायची होती आणि आपण नसताना गडबड होईल असं त्यांना वाटलं. उषाने बूट धुतले, वाळवले, खोक्यात ठेवले आणि मला काढून धुवायला घेतलं.

पुढच्या फेब्रुवारीत ती गेली. झोपेतच गेली, कोणाला काही करू न देता.

दहाव्याला घाटावर काय झालं ते बायका स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या, तेव्हा मला कळलं. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर कावळे भरपूर होते, एकही खाली येईना. आलोक म्हणाला, आई, मी बाबांची काळजी घेईन. नणंद म्हणाली, वहिनी, घर सांभाळू. दीड तास गेला. मग गुरुजींनी श्रीपादरावांकडे पाहिलं, तुम्ही काहीतरी बोला. काय बोलायचं ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. चल, तुला ज्ञानदाकडे नेतो, एवढंच. पण चारचौघांत ते शब्द तोंडातून फुटले नाहीत. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि विधी उरकला. उषा गवताच्या कावळ्यावर गेली, ही सल श्रीपादरावांच्या मनात तेव्हापासून बसली.

दीड वर्षाने, २००५ च्या सप्टेंबरात ते स्वतः आयर्लंडला निघाले. ज्या प्रवासाला तिला नेलं नाही त्यावर एकटेच निघताना त्यांनी सामानात तिची ताटली आणि वाटी घातली. बुटांचं खोकं हातात घेतलं होतं, पुन्हा ठेवून दिलं. मला सदऱ्यांच्या घडीत गुंडाळून त्यांनी बॅग बंद केली.

मेनूथचं घर एका नव्या वसाहतीच्या टोकाला होतं. मागे छोटी हिरवळ, शेड, विटांची बुटकी भिंत, भिंतीपलीकडे झाडी आणि मग कालवा. पितृपक्ष लागलाच होता. सवाष्ण गेलेल्या बाईचं श्राद्ध अविधवा नवमीला. त्या दिवशी पूर्वाने खीर केली, वडे तळले, वरण-भात केला. आलोक ऑफिसला, ज्ञानदा शाळेत. श्रीपादरावांनी मला वाढून भिंतीवर ठेवलं, शेजारी वाटीत पाणी, आणि हात जोडून उभे राहिले.

इथले कावळे राखाडी मानेचे, फिकट डोळ्यांचे. ते शेडच्या छपरावर येऊन बसले, माझ्याकडे तिरपं पाहिलं आणि उडून गेले. माझ्या चकाकीला ते बिचकत होते. इथे लोक पाखरं हाकलायला वाफ्यात चकाकत्या पत्र्याच्या पट्ट्या लावतात, हे मला पुढे कळलं. म्हणजे दोष माझाच होता, पण श्रीपादरावांना कसा सांगणार? ते चार तास उभे होते. पूर्वाने खुर्ची आणून दिली तरी बसले नाहीत. शेवटी हळूच म्हणाले, “इथेही नाहीच ना.” आणि आत गेले.

तिन्हीसांजेला भिंतीवर कोणीतरी आलं.

मी पस्तीस वर्षं हात ओळखते आहे, म्हणून सांगते, मलाही क्षणभर उषाचाच भास झाला. पाच बोटं, बारीक, लांब, गार. आधी माझ्या काठावरून फिरली, ऊ पासून षा पर्यंत चाचपत गेली. मग वड्याचा तुकडा उचलला, वाटीतल्या पाण्यात बुडवला, दोन्ही हातांनी चोळला आणि मग खाल्ला. भाताचा घासही तसाच. अंगावर दाट लव, डोळ्यांवर काळा पट्टा, शेपटीला वळी. असं जनावर नागपुरात मी पाहिलं नव्हतं, आणि आपल्या भाषेत त्याला नावही नाही.

सकाळी श्रीपादराव बाहेर आले. मी रिकामी, चाटूनपुसून लख्ख. वाटीतलं पाणी गढूळ आणि तळाशी भाताची शितं. भिंतीखालच्या ओल्या मातीत हाताचे ठसे, लहान मुलाच्या हातासारखे. ते खाली बसले. खिशातून मोजपट्टी काढली. ठसा अडीच इंच भरला. त्यांनी पुन्हा मोजलं, पुन्हा तेवढाच आला. मग माझ्याकडे, वाटीकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. “धुऊन खाल्लं तिने,” ते म्हणाले.

त्यांना वेडं ठरवू नका. सबंध जगात एकच बाई वडा धुऊन खाईल असं त्यांना ठाऊक होतं, आणि इथे वडा धुऊन खाल्लेला होता. मोजणीदाराला आणखी काय पुरावा हवा?

त्या दिवसापासून ते रोज मला वाढून ठेवू लागले. सर्वपित्री झाली, नवरात्र आलं, तरी क्रम चुकला नाही. रोज सकाळी ठसे बघायचे, वाटीतलं पाणी बघायचं आणि दिवसभर समाधानात असायचे. पूर्वाला म्हणाले, उषाला इथलं मानवलंय. पूर्वा शहाणी मुलगी. तिने शेजारच्या भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, हो बाबा. नवऱ्याला तिने यातलं काही सांगितलं नाही.

पण खुणा एकट्या आमच्या भिंतीपुरत्या राहिल्या नाहीत. शेजारच्या नोरीनबाईंच्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण रोज उघडं सापडे. त्यांनी वर वीट ठेवली, ती कोणीतरी उचलून बाजूला ठेवली. पाखरांचे दाणे लटकवायची नळी त्यांच्या झाडावर होती, तिची कडी काढलेली दिसली. हिरवळीचे तुकडे सतरंजीचा कोपरा दुमडावा तसे उलटवलेले. त्या येऊन म्हणाल्या, कोल्हा असेल. मग स्वतःच म्हणाल्या, कोल्ह्याला कडी कशी काढता येईल. श्रीपादरावांनी हे सगळं पूर्वाकडून समजून घेतलं आणि प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार ठेवलं. त्या नळीत शेंगदाणे होते, आणि उषाला शेंगदाणे आवडत.

एकाच गोष्टीला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. शेडच्या मागे, रोज एकाच जागी, जनावराची विष्ठा पडलेली असे. माणसं उठायच्या आत ते खुरपं घेऊन जात, ती उचलत आणि वर माती ओढत. सगळ्या खुणांची नीट नोंद घेणारा माणूस ही एक खूण रोज पुसत होता. मी भिंतीवरून बघत असे. त्यांना कुठेतरी माहीत होतं, असं मला आजही वाटतं, आणि म्हणूनच त्यांची जास्त कीव येते.

ज्ञानदा आठ वर्षांची होती. तिला मराठी सगळं समजे, पण उत्तर इंग्रजीतच, तेही इथल्या पोरांसारखं हेल काढून. तिने ठसे पाहिले आणि सरळ सांगितलं, “इट्स अ रॅकून, आजोबा. इट्स इन माय स्कूल बुक. ही वॉशेस हिज फूड.” आलोक म्हणाला, आयर्लंडमध्ये रॅकून नसतात. श्रीपादराव तिच्यावर कधी नव्हे ते रागावले. म्हणाले, आजीला नावं ठेवू नये. पोरगी गोंधळून आईला बिलगली, आणि आलोकला पहिल्यांदाच कळलं की घरात काय चाललंय.

त्यानंतरचे दोन आठवडे त्याची आणि वडिलांची जेवणं मुकाट्याने झाली. तेवढ्यात नोरीनबाईंनी प्राणी पकडणाऱ्या माणसाला बोलावलं. डेक्लन त्याचं नाव, दांडगा पण मऊ बोलणारा. त्याने दोन दिवस नोरीनबाईंकडे पिंजरा लावला, काही सापडलं नाही. मग भिंतीवर मला पाहून तो आलोकला म्हणाला की जे काय आहे ते तुमच्याच ताटलीवर येतं, पिंजऱ्यात हीच ठेवू.

आलोकने वडिलांना विचारलं. मला वाटलं, ते संतापतील. ते शांतपणे म्हणाले, “ठेव ना. पकडायला असायला तर हवं कोणी.” आणि स्वतः भात कालवला, त्यावर तूप घातलं, वाटी भरली आणि आम्हा दोघींना आपल्या हाताने पिंजऱ्यात आत सरकवलं. खटका बसवताना ते हसत होते. आज सगळ्यांची खात्री पटेल, असं त्यांना वाटत होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण ताटलीचा आवाज पडल्यावरच होतो.

ते आलं, नेहमीसारखं आलं. माझ्या काठावर हात टेकवले आणि मागे खटका पडला. ते ओरडलं नाही, धडपडलं नाही. एकदा जाळीभर हात फिरवून पाहिलं. जाळी त्याच्या ओळखीची असावी. मग माझ्याशेजारी बसलं आणि भात पाण्यात घालून चोळत राहिलं. भात संपला तरी रिकामं पाणी चोळत राहिलं.

सकाळी सगळे अंगणात जमले तेव्हाही ते तेच करत होतं. श्रीपादराव सर्वांत शेवटी आले. त्यांनी पिंजऱ्यात पाहिलं. काही वेळ नुसते बघत राहिले, मोजायला काही उरलेलं नसल्यासारखे. डेक्लन थक्क झाला होता. म्हणाला, हौसेने कुणीतरी पाळलं असेल, कंटाळून सोडलं असेल. नोरीनबाईंनी विचारलं, याला कुठे सोडणार. तो म्हणाला, हे इथलं नाही, इथे सोडता येत नाही. ठेवून घेणारं कोणी मिळालं तर बरं, नाहीतर कायमचं झोपवायची सुई द्यावी लागेल. हे बोलताना तो ज्ञानदाकडे बघत नव्हता.

श्रीपादरावांनी ज्ञानदाला जवळ घेतलं. म्हणाले, “त्याला विचार, हे धुतं कशाला?”

ज्ञानदाने विचारलं. डेक्लन गुडघ्यांवर बसून तिला बराच वेळ समजावत होता. मग ती आजोबांकडे वळली आणि पहिल्यांदाच त्यांच्याशी पूर्ण मराठीत बोलली, शब्द शोधत, अडखळत.

“आजोबा, ते धुवत नाही आहे. जे बाहेर असतात ना, ते नाही धुतात. ते नदीत हात घालून शोधतात, मासा वगैरे. जे पिंजऱ्यात मोठे होतात, त्यांना नदीच नसते. मग ते कशातपण पाणी असलं की शोधतात. तो म्हणतो, त्यांना पण माहीत नसतं काय शोधतात ते.”

श्रीपादराव माझ्याकडे बघत होते. मीही त्याच क्षणी समजले. दुपारी तीनची बादली, बुडवलेली स्वच्छ ताटली, खिडकीबाहेरची नजर. मी लाडकी वगैरे काही नव्हते. मी तिच्या हाताला लागणारी एक वस्तू होते, आणि ती दुसरंच काहीतरी चाचपत होती.

डेक्लनने मला आणि वाटीला बाहेर काढलं आणि पिंजरा गाडीत ठेवला. जाळीतून ते लहान हात बाहेर आले होते, तळवे वर करून. पुढे त्याचं काय झालं ते आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि घरातल्या कोणी विचारलं नाही. बाहेर काढताना वाटीला पोचा आला होता, ती त्याच दिवशी कचऱ्यात गेली.

व्हिसाची मुदत बाकी असताना श्रीपादरावांनी परतीचं तिकीट अलीकडे घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी सगळे बाहेर गेलेले असताना त्यांनी मला सिंकमध्ये घेतलं. त्यांनी जन्मात भांडं घासलं नव्हतं. साबण जास्त झाला, बाह्या भिजल्या. ते माझ्या काठावरून बोटं फिरवत बसले, ती बसायची तसे.

“पस्तीस वर्षं बघत होतो, उषा,” ते म्हणाले. “हसत होतो. एकदाही विचारलं नाही.”

मग त्यांनी मला पुसलं आणि ओट्यावर ठेवलं. पूर्वाने बॅग भरताना विचारलं, बाबा, आईंची ताटली? ते म्हणाले, “राहू दे तिला. तिला इथंच यायचं होतं.”

पूर्वाने काही दिवस मला स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या कपाटात, सगळ्यांत खाली ठेवलं. जनावराच्या तोंडची, पिंजऱ्यातली ताटली, तिच्यात कोणाला वाढणार आणि नाव असलेली टाकणार तरी कशी. पुढच्या वसंतात मी कुंडीखाली गेले. तेव्हापासून मुळांचं पाणी झिरपून माझ्यात साचतं. ऊ वर शेवाळ धरलंय, आता चूकही नीट वाचता येत नाही.

या वर्षी मार्चमध्ये नागपूरहून फोन आला, श्रीपादराव गेल्याचा. आलोक तिकडे जाऊन पंधरा दिवसांनी परतला. मागच्या दारात उभं राहून तो पूर्वाला सांगत होता आणि मी पायाशीच होते. म्हणाला, बाबांच्या दहाव्याला पिंड ठेवला आणि हात काढतोय तोवर कावळा शिवला. मिनिटभरही लागलं नाही. पूर्वा म्हणाली, बरं झालं, म्हणजे काही इच्छा राहिली नव्हती. आलोक म्हणाला, “हो ना. सगळे म्हणाले, सुखाने गेले.”

ते सुखाने गेले नाहीत. जिच्याकडून क्षमा यायची ती कधी आलीच नव्हती, हे त्या सकाळी कळल्यावर त्यांनी काही मागायचंच सोडून दिलं होतं. मग कावळ्याला थांबायचं कारण काय होतं?

आता हे घर विकायचं चाललंय. आलोक लिमरिकला नोकरी बघतोय. कुंडी गाडीत चढेल, मी बहुतेक इथेच राहीन. मला उचला, घासा, आत न्या असं मी म्हणत नाही. माझं झालं. तुमच्या घराभोवती कोणाचे ठसे उमटतात, झाकण कोण उघडतं, तेही तुम्ही शोधालच. त्यासाठी माणसं मिळतात, पिंजरे मिळतात. पण घरात कोणी स्वच्छ भांडं पुन्हा पुन्हा धुताना दिसलं, तर हसू नका. नळ बंद करा आणि काय शोधतेस म्हणून विचारा. मला विचारता आलं नाही, मला तोंड नव्हतं. त्यांना होतं.